टिपेच्या भरवशावर सेवा उभी राहते का?

प्रश्न असा आहे : पुण्यात साठ आसनांचे कौटुंबिक उपाहारगृह सुरू होत आहे. वेटरांचा पगार बेताचा ठेवावा आणि उरलेली कमाई टिपेवर सोडावी, म्हणजे टिपेसाठी तरी ते ग्राहकांची नीट सेवा करतील, असे भागीदारांचे मत आहे. ते बरोबर आहे का, आणि बिलात दहा टक्के सेवाशुल्क आपोआप लावावे का?

हे मत मी या धंद्यातील एकतीस वर्षांत अनेक मालकांच्या तोंडून ऐकले आहे आणि बरीच वर्षे ते मलाही पटत होते. दादरच्या एका उडुपी हॉटेलात टेबले पुसण्यापासून मी सुरुवात केली, पुढे वेटर झालो, मग कॅप्टन, म्हणजे वेटरांवर देखरेख करणारा, झालो आणि गेली पंधरा वर्षे मुंबई-ठाण्यात उपाहारगृहांचा व्यवस्थापक म्हणून काम करतो आहे. टीप घेणारा, टीप वाटणारा आणि टिपेवरून होणारी भांडणे सोडवणारा अशा तिन्ही जागांवरून मी हा व्यवहार पाहिला आहे. त्यावरून माझे उत्तर असे आहे की टिपेमुळे सेवा सुधारत नाही. वेटरचे लक्ष कोणत्या टेबलाकडे जास्त जाईल आणि कोणत्या टेबलाकडे कमी जाईल, एवढेच टिपेने ठरते. एका टेबलाला जास्त मिळालेले लक्ष दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून आलेले असते आणि ज्याच्या वाट्यातून ते आले तो ग्राहकही आपलाच असतो.

टीप ठरते कशी, ते आधी पाहू. रोखीच्या काळात आमच्याकडे एकशे सत्याऐंशी रुपयांचे बिल झाले की ग्राहक दोनशे रुपये ठेवत असे, बडीशेपेच्या ताटलीत तेरा रुपये परत येत आणि त्यांतले दहा किंवा तेराही तिथेच राहत. गल्ल्यावर बसणाऱ्या जाणत्या माणसाला हे ठाऊक असायचे, म्हणून तो शंभराची मोड देताना पन्नासाच्या दोन नोटा कधीच देत नसे. दहा-दहाच्या नोटा आणि थोडी नाणी अशीच मोड ताटलीत जायची, कारण ताटलीत दहाची नोट नसेल तर ग्राहक पन्नासाची नोट ठेवत नाही, ती उचलून खिशात घालतो. आता विचार करा, त्या दहा रुपयांचा माझ्या सेवेशी किती संबंध होता? सांबार गरम आणले की कोमट, पाणी दोनदा विचारले की एकदाही नाही, याने त्या रकमेत क्वचितच फरक पडत असे. बिलाचा आकडा, मोडीचा प्रकार आणि त्या माणसाची सवय या तीन गोष्टींनी बहुतेक वेळा माझी कमाई ठरवली.

हा केवळ माझा अनुभव नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या हॉटेल-व्यवस्थापन विद्यालयात मायकेल लिन यांनी टीप या एकाच विषयाचा अनेक दशके अभ्यास केला आहे. त्यांनी एका सहकाऱ्यासह २००० साली अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून तपासली, तेव्हा ग्राहकांनी सेवेला दिलेले गुण आणि त्यांनी ठेवलेली टीप यांचा संबंध आढळला खरा, पण तो अगदीच क्षीण होता. टिपेच्या टक्केवारीत टेबलागणिक जो फरक पडतो, त्यातला दोन टक्क्यांहूनही कमी भाग सेवेच्या दर्जाने स्पष्ट होत होता. रुपया-डॉलरातली रक्कम बघायची तर ती मुख्यतः बिलाच्या आकड्यानेच ठरते. वेटरच्या बाजूने याचा अर्थ फार सरळ आहे. मी दुप्पट मेहनत केली तरी मला दुप्पट पैसे मिळणार नाहीत, आणि थोडी हयगय केली तरी फारसे कापले जाणार नाहीत. ज्या बक्षिसाचा कामाशी इतका सैल संबंध आहे, ते बक्षीस काम सुधारेल अशी आशा कशी धरायची?

टीप वाढवणाऱ्या गोष्टी मात्र आहेत आणि त्या सापडल्याही आहेत. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात बिलासोबत प्रत्येकाला एकेक लहान चॉकलेट दिल्यावर सरासरी टीप सुमारे पंधरा टक्क्यांवरून सुमारे अठरा टक्क्यांवर गेली. आपल्याकडची बडीशेप आणि खडीसाखर तेच काम करत आली आहे. नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात वेट्रेसने ग्राहकाची ऑर्डर त्याच्याच शब्दांत परत म्हणून दाखवली, तेव्हा टीप वाढली. या दुसऱ्या गोष्टीची मला विशेष किंमत वाटते, कारण ऑर्डर परत म्हणून दाखवण्याने चुकीचा पदार्थ येणे टळते आणि तो सेवेचा खराखुरा भाग आहे. पण चॉकलेट, हसरा चेहरा, टेबलाशेजारी वाकून बोलणे ही टीप मिळवण्याची कसबे आहेत. त्यांत पटाईत झालेला वेटर भरल्या ताटांचा तोल सांभाळण्यातही पटाईत असेलच असे नाही. मी दोन्ही प्रकारची माणसे नोकरीवर ठेवली आहेत आणि शनिवारी रात्री साडेनऊ वाजता मला कोण हवे असते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता या साऱ्यातला जो भाग मला सर्वांत जास्त बोचतो, त्याकडे येतो. टीप सेवेनंतर हातात पडते, पण वेटर तिचा अंदाज ग्राहक दारातून आत येतानाच बांधतो. कपडे, वय, सोबत किती माणसे, सोबत मुले आहेत का, बोलण्याची भाषा, यांवरून दहा सेकंदांत त्याच्या मनात आकडा तयार होतो, आणि सेवा त्या आकड्याला मिळते. महाविद्यालयातली मुले, फक्त बायकांचा गट, नातवंडांना घेऊन आलेल्या आजी, एकटा जेवणारा माणूस ही टेबले 'सुकी' समजली जातात. हा शब्द मी स्वतः वापरलेला आहे. मग त्यांना पाणी उशिरा मिळते, मेनूकार्ड टाकून वेटर निघून जातो, बेसिनजवळचे टेबल त्यांनाच दाखवले जाते. अशा वागणुकीनंतर ते पाच रुपये ठेवून जातात आणि वेटरला वाटते, आपला अंदाज बरोबरच होता. माझ्या वेटरपणाच्या दिवसांत एक वृद्ध दांपत्य दर गुरुवारी संध्याकाळी येऊन एक मसाला डोसा दोघांत खात असे. मी कित्येक आठवडे त्यांना टाळत होतो आणि ते टेबल दुसऱ्या मुलाकडे ढकलत होतो. त्या बाईंना गुडघेदुखीमुळे उठणे कठीण जायचे आणि हात धुण्यासाठी वाटीत पाणी हवे असायचे, हे मला त्या दुसऱ्या मुलाने सांगितले तेव्हा कळले. हे दांपत्य त्या हॉटेलात दहा-बारा वर्षे येत होते. मालकाच्या दृष्टीने त्यांच्याइतका मोलाचा ग्राहक दुसरा नव्हता, आणि टिपेच्या हिशेबात ते कुठेच बसत नव्हते.

टीप बिलाच्या प्रमाणात वाढते, यातून आणखी दोन गोष्टी घडतात. पहिली म्हणजे वेटर बिल फुगवतो. चौघांना दोन भाज्या पुरत असताना तो तिसरी सुचवतो, शिवाय सुरुवातीला पनीर टिक्का घ्यायला लावतो, आणि शेवटी अर्धे अन्न टेबलावर राहते. मालकाला त्या दिवशी गल्ला बरा दिसतो, पण ते कुटुंब पुन्हा येताना विचार करते. दुसरी गोष्ट मालकाला उशिरा कळते : मोठी टीप देणाऱ्या ओळखीच्या ग्राहकाला मालकाच्या मालातून खूश केले जाते. मसाला पापड बिलात चढत नाही, एखादे शीतपेय केओटीशिवाय, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठीशिवाय, बाहेर येते, परमिट रूम असेल तर पेगचे माप सैल होते. आपल्याकडे 'वाढपी ओळखीचा असला की पंगतीत शेवटी बसले तरी चालते' असे म्हणतात ते लग्नाच्या मांडवात ठीक आहे. उपाहारगृहात त्या ओळखीचा खर्च आपल्या कोठारातून जातो. अशा वेटरला काढून टाकले की त्याच्या जागी येणारा दुसराही तेच करतो, कारण त्याची कमाई मालकाऐवजी ग्राहकाच्या खिशावर बांधून ठेवण्याचा निर्णय आपणच घेतलेला असतो.

मग चांगली सेवा येते कुठून? माटुंग्याच्या जुन्या उडुपी हॉटेलांत सकाळच्या वेळी जाऊन बसा. तिथे टीप म्हणून राहणारी रक्कम किरकोळ असते, तरीही इडली काही मिनिटांत समोर येते, रिकामी ताटली लगेच उचलली जाते आणि कॉफी थंड मिळत नाही. याचे कारण तिथल्या कामाच्या रचनेत आहे. मेनू आटोपशीर असतो, सांबार-चटणी तयार असते, ऑर्डर घेणारा आणि टेबल पुसणारा हे वेगळे असतात, आणि प्रत्येकाला आपली टेबले माहीत असतात. जपानमध्ये तर टीप देण्याची प्रथाच नाही आणि तिथल्या आतिथ्याची ख्याती जगभर आहे. माझ्या हिशेबाने, कौटुंबिक उपाहारगृहात एका वेटरकडे चार ते पाच टेबले असतील तर तो सेवा देऊ शकतो. सात-आठ टेबले दिली की तो फक्त ताटे पोचवतो, मग त्याला टीप कितीही मिळो. तंदूरवर एकच माणूस असेल आणि रोटीला वीस मिनिटे लागत असतील, तर ग्राहकाचा राग वेटरवर निघतो आणि टीपही त्याचीच कापली जाते. ज्या चुकीवर त्याचा काहीच ताबा नाही तिची शिक्षा त्याला देऊन तंदूर वेगाने चालत नाही.

पगार बेताचा ठेवण्याची कल्पना सर्वांत टोकाला कुठे गेली असेल तर ती अमेरिकेत. तिथे टीप मिळवणाऱ्या कामगारांसाठी संघराज्याच्या कायद्याने ठरवलेले किमान रोख वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलर इतकेच आहे, तर सर्वसाधारण किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलर आहे. मधली दरी टिपेने भरावी, अशी अपेक्षा असते. काही राज्यांनी याहून चांगले दर ठरवले आहेत, पण मूळ चौकट ही आहे. ती मोडण्याचा गाजलेला प्रयत्न न्यूयॉर्कमध्ये डॅनी मायर यांनी केला. २०१५ मध्ये त्यांनी आपल्या उपाहारगृहांतून टीप बंद करून पदार्थांचे भाव वाढवण्याचे जाहीर केले. समोर वाढणाऱ्यांची कमाई आणि स्वयंपाकघरातल्यांची कमाई यांतली वाढती तफावत हे त्यांचे एक मुख्य कारण होते. पण वाढीव भाव ग्राहकाच्या डोळ्यांत भरतात आणि अनुभवी वेटर टीप मिळणाऱ्या दुसऱ्या ठिकाणी जातात, या दोन अडचणी त्यांना सतत जाणवत राहिल्या, आणि करोनाच्या काळात, २०२० मध्ये, त्यांनी ते धोरण मागे घेतले. यावरून टीप हवीच असे सिद्ध होते, असे मला वाटत नाही. शेजारची सगळी दुकाने एका रीतीने चालत असताना एकट्याने दुसरी रीत चालवणे महाग पडते, एवढा बोध मी त्यातून घेतला, आणि म्हणूनच टीप बंद करा असा सल्ला मी तुम्हाला देणार नाही.

आपल्याकडे कायद्याची चौकट वेगळी आहे आणि ती भागीदारांना आधी दाखवा. हॉटेल-उपाहारगृहांतील कामगारांना किमान वेतन लागू आहे आणि टीप मिळते म्हणून त्यातून वजावट करण्याची मुभा आपल्याकडे नाही. सेवाशुल्काबद्दल सांगायचे तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून बिलात सेवाशुल्क आपोआप जोडण्यास मनाई केली. उपाहारगृहांच्या संघटना न्यायालयात गेल्या, काही काळ स्थगितीही होती, पण २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने ती तत्त्वे वैध ठरवली आणि याचिका दंडासह फेटाळल्या. तेव्हा दहा टक्क्यांचा विचार सोडून द्या. न्यायालयाचा निकाल नसता तरी मी हेच सांगितले असते, कारण सक्तीच्या शुल्कात सेवेशी उरलेला तो क्षीण संबंधही नाहीसा होतो. शिवाय पूर्वी सेवाकर होता तेव्हापासून अनेक ग्राहक सेवाशुल्काला सरकारी कर समजत आले आणि सत्य कळल्यावर स्वतःला फसवले गेल्यासारखे मानत आले. हा राग सोसावा लागतो वेटरला. 'शुल्क भरले आहे, आता टीप कसली' हे वाक्य त्याला ऐकावे लागते, आणि त्या शुल्कातला किती भाग त्याच्यापर्यंत पोचला हे विचारण्याची त्याची हिंमत नसते. मी अशा एका ठिकाणी नोकरी केली आहे, जिथे फुटलेल्या ग्लासांची किंमत त्या शुल्कातून वळती करून घेत. तिथे मी आठ महिने टिकलो.

मग टिपेचा उपयोग काय? माझ्या मते तो मोठा आहे, पण तुमच्या भागीदारांना वाटतो तो नाही. आमच्या पिढीत 'पगार गावी, टीप खिशात' अशी वाटणी होती. गावातली मुले हॉटेलातच झोपत, पगार मनीऑर्डरने घरी जाई आणि साबण, लोकल, चहा, रात्रशाळेची वही हे सारे टिपेवर चाले. दिवसाच्या शेवटी हातात रोकड असण्याने माणूस कामावर टिकतो, आणि माणूस टिकला की सेवा सुधारते, कारण तीन वर्षे एकाच ठिकाणी राहिलेल्या वेटरला कोणत्या भाजीत लसूण आहे, कोणत्या ग्राहकाला मधुमेह आहे आणि कोणत्या टेबलाचा पाय हलतो, हे सारे ठाऊक असते. या वळणाच्या वाटेने टीप सेवेपर्यंत पोचते. दर महिन्याला माणसे बदलणाऱ्या ठिकाणी टीप कितीही असली तरी सेवा तयार होत नाही. शिवाय, मनापासून ठेवलेल्या वीस रुपयांत मान असतो. तो मान मी घेतला आहे आणि त्याची किंमत कमी लेखण्याचा माझा अजिबात हेतू नाही.

ठाण्याच्या बावीस टेबलांच्या एका उपाहारगृहात मी ज्याची त्याची टीप ही पद्धत मोडून सामायिक डबा सुरू केला. मोठ्या हॉटेलांत त्याला ट्रॉन्क म्हणतात. पहिले दोन महिने फार कठीण गेले. खिडकीजवळची टेबले वर्षानुवर्षे सांभाळणारा आमचा सर्वांत चलाख वेटर सोडून गेला, आणि त्याचे जाणे मला लागले. दोघे जण डब्याच्या भरवशावर सुस्तावले, त्यांना कॅप्टनने समज द्यावी लागली. सामायिक वाट्याचा हा दोष खराच आहे आणि तो देखरेखीनेच आवरतो. पण तिसऱ्या महिन्यापासून जे दिसू लागले त्यासाठी तो त्रास सोसण्यासारखा होता. शेजारच्या सेक्शनमधला ग्राहक हात वर करत असेल तर दुसरा वेटर थांबू लागला, कारण ते टेबलही आता त्याचेच होते. 'हे माझे टेबल नाही' हे वाक्य जवळजवळ बंद झाले. मुलांना घेऊन आलेल्या कुटुंबाला आत घेताना कोणी तोंड फिरवेनासे झाले. भांडी घासणाऱ्यांना वाटा मिळू लागल्यावर ग्लास चकचकीत येऊ लागले, आणि ग्लासवरच्या डागांची तक्रार आमच्याकडे सर्वांत जास्त असायची.

यूपीआयमुळे आता मोडीची ताटली जवळपास गेली आहे. ग्राहक बिलाचा आकडा टाकतो, बरोबर तेवढीच रक्कम भरतो आणि ताटलीत राहणारे तेरा रुपये कोणाच्याच हातात पडत नाहीत. काही ठिकाणी वेटर आपला स्वतःचा क्यूआर दाखवतात; ते थांबवा, कारण ग्राहकाला ते मागितल्यासारखे वाटते. टिपेसाठी वेगळे खाते आणि वेगळा क्यूआर ठेवा, तो बिलाच्या फोल्डरमध्ये आत चिकटवा आणि त्यात आलेला पैसा गल्ल्याच्या हिशेबात मिसळू देऊ नका. हा पैसा मालकाचा नसतो. कार्डावर आलेली टीप हॉटेलने कर्मचाऱ्यांत वाटली तर ती पगार समजून हॉटेलने त्यावर करकपात करायची का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि २०१६ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की हॉटेल तो पैसा केवळ विश्वस्त म्हणून हाताळते, तो मालकाने दिलेला पगार नव्हे. ब्रिटनमध्ये तर १ ऑक्टोबर २०२४ पासून टिपेची सगळी रक्कम कामगारांना देणे आणि ती न्याय्य पद्धतीने वाटणे हे मालकावर कायद्यानेच बंधनकारक झाले आहे.

तुमच्या साठ आसनांसाठी मी असे करीन : पंधरा-सोळा टेबलांना चार वेटर, दोन मदतनीस आणि एक कॅप्टन ठेवीन; नोकरीवर घेताना टिपेचा आकडा तोंडातूनसुद्धा काढणार नाही, फक्त पगार सांगेन, आणि तो शेजारच्या हॉटेलांपेक्षा थोडा जास्त ठेवीन. सेक्शन दर आठवड्याला बदलेन, म्हणजे खिडकी कोणा एकाची होणार नाही. डब्यात वेटरला तीन वाटे, मदतनीस, स्वयंपाकी आणि भांडी घासणाऱ्यांना दोन-दोन वाटे, कॅप्टनला तीन. मालक, भागीदार आणि व्यवस्थापक यांना काहीही नाही. वाटप दर सोमवारी दुपारच्या जेवणानंतर, सर्वांसमोर मोजून, वहीत सही घेऊन करीन. सेवा कशी चालली आहे ते टिपेवरून जोखणार नाही. केओटी फाटल्यापासून ताट टेबलावर येईपर्यंतची मिनिटे, परत गेलेले पदार्थ आणि पुन्हा आलेले चेहरे यांची नोंद कॅप्टनकडून रोज घेईन. मेनूकार्डाच्या शेवटच्या पानावर एवढेच छापीन : 'बिलात सेवाशुल्क नाही. आपण स्वखुशीने ठेवलेली टीप वाढणारे, रांधणारे आणि भांडी घासणारे या सर्वांत वाटली जाते.' ठाण्यात हे छापल्यानंतर काही ग्राहक उठताना स्वयंपाकघराच्या दाराशी थांबून आत डोकावू लागले, आणि तंदूरवाल्याला 'रोटी छान होती' असे त्याच्या नोकरीत पहिल्यांदाच कोणीतरी समोर येऊन सांगितले.